शेवटच्या रानपिंगळ्याचा दाखला

रमिलाने उचलला तेव्हा रानपिंगळा अजून कोमट होता. डोकं मात्र नव्हतं. कुणीतरी धारदार पात्याने मान उडवली होती आणि धड सागाच्या बुंध्याशी फेकून दिलं होतं. पोटावरची पांढरी पिसं रक्ताने चिकटून काळी पडली होती.

"किती वेळ झाला असेल?" खांबेटे सरांनी विचारलं. चढण चढून त्यांना धाप लागली होती.

"अर्धा तास. फार तर पाऊण. मुंग्यासुद्धा पोचल्या नाहीत अजून."

"म्हणजे हा चौथा."

"चौथा," रमिला म्हणाली आणि ते धड तिने पळसाच्या पानात गुंडाळलं.

रमिला वळवी अक्राणीच्या डोंगरांत सोळा वर्षं वनरक्षक होती. डॉक्टर श्रीनिवास खांबेटे पक्षिशास्त्रज्ञ. वय सदुसष्ट, हृदयावर एक शस्त्रक्रिया झालेली, तरी दर हिवाळ्यात पाठीवर पिशवी टाकून सातपुड्यात हजर. दोघं गेली नऊ वर्षं एकाच पक्ष्याच्या मागे हे डोंगर तुडवत होती. रानपिंगळा म्हणजे वितीएवढं घुबड. बाकीच्या घुबडांसारखं रात्री नाही, तर दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसून शिकार करणारं. नऊ वर्षांत कुणाला तो दिसला नव्हता. या हिवाळ्यात मात्र त्यांना पाच दिवसांत चार रानपिंगळे सापडले. चारही बिनडोक्याचे.

ते सापडले एका यंत्रामुळे. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, वनखात्यातली माणसं त्याला 'हुंग्या' म्हणत. प्रत्येक जिवंत प्राणी चालताना, उडताना, नुसता श्वास घेतानाही स्वतःचे कण हवेत सोडत असतो. कातडीचा कोंडा, पिसांची भुकटी, थुंकीचे दिसणारही नाहीत असे थेंब. त्या प्रत्येक कणात त्या प्राण्याचा डीएनए असतो. हुंग्या हवा आत ओढायचा, एका पातळ चकतीतून गाळायचा, चकतीवर अडकलेले डीएनएचे तुकडे वाढवून वाचायचा आणि वीस मिनिटांत सांगायचा, या हवेत कोणकोण येऊन गेलं. ऊन लागलं की डीएनए तासातासाने तुटत जातो. किती तुटला आहे यावरून कोण कधी येऊन गेलं तेही कळायचं. त्याची एकच मर्यादा होती. वारा जे आणून देईल तेवढंच त्याला कळायचं. वारा जिकडून येतो त्या अंगाला तुम्ही उभे राहिलात, तर खालच्या दरीत हत्तींचा कळप असला तरी हुंग्याच्या लेखी दरी रिकामी.

यंत्र आलं तेव्हा खांबेटे सर लहान मुलासारखे हरखले होते. दोन वर्षांत त्यांचा आनंद मावळला. पूर्वी एखादा पक्षी संपला असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नसे. दिसला नाही, एवढंच म्हणता येई. आता पन्नास डोंगरांवर पन्नास यंत्रं ठेवली की शून्य सिद्ध करता येत होतं. आणि शून्य सिद्ध करता यायला लागल्याबरोबर त्या शून्याला गिऱ्हाईक मिळालं.

"जगात अशी माणसं आहेत रमिला," सरांनी तिला पहिला रानपिंगळा सापडला तेव्हा सांगितलं होतं, "ज्यांना दुर्मीळ पक्षी नको असतो. त्यांना शेवटचा पक्षी हवा असतो. पिंजऱ्यात जोडी, आणि भिंतीवर दाखला, की बाहेर आता एकही उरलेला नाही. आधी जोडी पकडतात. मग बाहेर उरलेले सगळे मारतात."

"आणि डोकी?"

"हिशेब द्यायला. किती साफ केले त्याचा."

आता पाचव्या दिवशी त्या सागाखाली रमिलाने पुन्हा यंत्र लावलं. सर बुंध्याला टेकून चष्मा पुसत बसले. वीस मिनिटांनी पडद्यावर ओळी उमटल्या. रानपिंगळा, नर, एक. माणसं, चार. हुंग्या बरोबरच्या माणसांचा डीएनए आधीच ओळखून बाजूला काढत असे, म्हणून त्याच्याकडे दोघांचीही नोंद होती. सर वाहक क्रमांक एक आणि रमिला वाहक क्रमांक दोन. तिसरा माणूस पुरुष, अनोळखी. चौथ्याची ओळ तिने दोनदा वाचली.

पुरुष. वाहक क्रमांक दोनचा सख्खा भाऊ.

रमिलाला एकच भाऊ होता.

"काय म्हणतोय?" सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवत विचारलं.

रमिलाने अंगठ्याने ती ओळ पुसली. "दोन माणसं आहेत. दोन्ही अनोळखी."

दिलवर तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर रमिलानेच त्याला मोठं केलं. माग काढायला शिकवलं, ठशावरून जनावराचं वय ओळखायला शिकवलं. रानपिंगळ्याची हाक तर तो अशी काढायचा की सरही फसायचे. तीन हिवाळे तो सरांबरोबर फिरला. रमिलाने खटपट करून त्याला खात्यात रोजंदारीवर लावलं आणि दीड वर्षाने स्वतःच्या हातानेच बाहेर काढलं. तो चौशिंग्याला फासे लावत होता. तिने पकडलं, पंचनामा केला आणि त्यावर सही केली. "घरातच मिटवता आलं नसतं?" एवढंच तो म्हणाला होता. तीन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हापासून तो सुरतेला साड्यांच्या कारखान्यात आहे असं गावात सगळे समजत होते. रमिलाही तेच समजत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सर तंबूत झोपलेले असताना ती निघाली. कमरेला कोयता, खांद्यावर गोफण. यंत्र तिने नेलं नाही. दिलवरचा माग काढायला तिला यंत्र लागणार नव्हतं. तो कुठे पाणी भरेल ते तिला ठाऊक होतं.

वाघझिऱ्यावर तो सापडला. झऱ्याच्या कडेला उकिडवा बसून बाटली भरत होता. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती. बाजूला गोणपाटाची पिशवी होती. तिच्या तळाला ओल आली होती आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या.

"दिलवर."

तो दचकला नाही. "मला वाटलंच होतं तू येशील," तो म्हणाला.

"पिशवीत काय आहे?"

"तुला माहीत आहे काय आहे."

"उठ आणि खाली जा. आत्ताच्या आत्ता. मी तुझं नाव पुसलंय. कुणाला कळणार नाही."

तो हसला. "या वेळेला पुसलंस होय? त्या वेळी सही केली होतीस." मग एकदम त्याचा आवाज खाली आला. "ताई, तू जा. माझ्याबरोबरचा फौजी वर गेलाय, येईल इतक्यात. तो माणूस बरा नाही. काल शेवटचा झाला, आता आम्ही निघणारच आहोत."

"शेवटचा कशावरून?"

"त्याच्याकडे पण यंत्र आहे. सगळे डोंगर हुंगून झालेत त्याचे."

तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. रमिला वळली. खांबेटे सर उतारावरून येत होते. काठीचा आधार घेत, दुसरा हात वर करून.

"हुंग्या पुसलेलंही जपून ठेवतो गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "मला सांगायचंस तरी. दिलवर, ऐक. तू माझ्याबरोबर तीन हिवाळे..."

गोळी वरच्या कड्यावरून आली. सरांच्या छातीत शिरली आणि ते पुढचा शब्द न बोलता बसले, थकलेला माणूस बसतो तसे. मग आडवे झाले. रमिला त्यांच्यापाशी पोचली तेव्हा त्यांच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. त्यांनी तिची बाही घट्ट धरली आणि तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत दोष होता का माफी, हे तिला पुढे कधीही ठरवता आलं नाही. पकड सैल झाली.

फौजी कड्यावरून खाली उतरला. पन्नाशीचा, ठेंगणा, मजबूत माणूस. हातात दुनळी. एक नळी रिकामी झालेली, दुसरी भरलेली.

"कोण ही?" त्याने दिलवरला विचारलं.

"बहीण माझी. तिला सोडा. ती बोलणार नाही."

"बहीण आहे तर तू बाजूला हो," फौजी म्हणाला आणि त्याने बंदूक उचलली.

रमिला मागे पळाली नाही. ती सरळ त्याच्या अंगावर गेली. बार कानाशी फुटला, कानाची पाळी उडाली, आणि त्यानंतर तिला बराच वेळ कसलाच आवाज ऐकू आला नाही. कोयता फौजीच्या कोपराखाली बसला आणि हाडात अडकला. त्याने उरलेल्या हाताने तिचा गळा धरला. दोघं झऱ्याच्या शेवाळावर कोसळली. तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, तोंडात कातडं आलं तरी सोडला नाही. मग अंगठा त्याच्या डोळ्यात घातला आणि दाबत राहिली. त्याने हात सोडला, धडपडत उभा राहिला, एक पाऊल मागे गेला. मागे जमीन नव्हती. झऱ्याचं पाणी जिथून खाली कोसळतं तिथून तोही गेला. दोनदा खडकावर आपटलेला तिने पाहिला. दुसऱ्यांदा आपटल्यावर त्याचे हातपाय कसेही हलत होते.

हे सगळं होईपर्यंत दिलवर पिशवी छातीशी धरून उभा होता. ना त्याने फौजीला मदत केली, ना तिला. तिने त्याच्याकडे पाहिलं तसा तो पळाला.

तिने गोफणीत दगड घातला. पिकात शिरणारी रानडुकरं ती ऐंशी हातांवरून परतवायची. दिलवर तेवढाही लांब गेला नव्हता. दगड गुडघ्याच्या मागे लागला. तो तोंडावर पडला आणि किंचाळला असावा. तिला ऐकू येत नव्हतं. ती त्याच्यापाशी गेली, त्याला उताणा केला आणि मारत सुटली. मुठीने, गोफणीच्या दोरीने, लाथेने. तो हात वर करत नव्हता. त्याचे ओठ हलत होते. "ताई, ताई," असंच काहीतरी असणार.

दमल्यावर तिने त्याचे हात पुढे बांधले. सरांच्या तोंडावर स्वतःचा रुमाल पसरला, चार बाजूंना दगड ठेवले. झऱ्याकाठी फौजीची पिशवी पडली होती. तिच्यातलं यंत्र खडकावर आपटून फोडलं. त्याच्या पिशवीतली चार काडतुसं आणि दुनळी घेतली आणि भावाला सरांच्या काठीच्या आधाराने लंगडत लंगडत पलीकडच्या अंगाने खाली उतरवायला सुरुवात केली. त्या वाटेने कुणी येत-जात नसे. पोलीस चौकी मात्र त्या बाजूने जवळ पडायची.

दुपारी एका अरुंद दरीच्या तोंडाशी दिलवर थांबला. तिच्या एका कानात आता थोडं ऐकू येऊ लागलं होतं. तिनेही ते ऐकलं. एक आखूड, गोड शीळ. थोड्या अंतरावरून तिला उत्तर.

सलईच्या पांढुरक्या झाडावर, अगदी उघड्या फांदीवर, रानपिंगळा बसला होता. चोचीत सरडा. तो उडून खोडातल्या ढोलीपाशी गेला, तशी आतून मादीने मान बाहेर काढली. तिच्या खालून आणखी दोन करड्या, केसाळ चेहऱ्यांनी सरड्यासाठी ढुशा दिल्या.

नऊ वर्षं रमिला या क्षणाची वाट पाहत होती. तिच्या दोन्ही हातांना फौजीचं रक्त होतं आणि बाहीला सरांचं.

"पिल्लं आहेत ताई," दिलवर पुटपुटला. "त्याच्या यंत्राला कशी नाही कळली?"

"वारा. या दरीत सकाळी तो वरून खाली येतो. तुम्ही वरूनच हुंगत बसलात."

मग तिच्या लक्षात आलं की हे आता दिलवरलाही माहीत झालं आहे. फौजीच्या वर कुणीतरी होतं. पिंजऱ्यात जोडी होती, आणि त्या माणसाला बाहेर शून्य हवं होतं. एक फौजी गेला तर दुसरा येईल. फक्त त्याला कळायला हवं, कुठे यायचं ते.

तिने दुनळीत काडतूस भरलं आणि नळी भावाच्या कानामागे टेकवली.

"तू सांगशील," ती म्हणाली.

"सांगेन," दिलवर म्हणाला. "आत नेऊन मारलं तर सांगेन. मला मार सोसत नाही, तुला माहीत आहे."

खोटं बोलला असता तर तिने कदाचित चाप ओढला असता. त्याने डोळे मिटले होते. त्याची विजार ओली झाली. वर फांदीवर नर आरामात शेपटी हलवत बसला होता. रमिलाने बोट चापावर दाबून पाहिलं. तिला त्याची दया आली असं नव्हे. बोटच पुढे जाईना.

"चल," ती म्हणाली.

पोलिसांनी दिलवरला मारलंच. पण त्यांनी विचारलं ते गिऱ्हाइकाबद्दल. पिंजऱ्यातली जोडी कुठे आहे, पैसे कुणी पाठवले, फौजीचं खरं नाव काय. जे माहीत होतं ते त्याने सगळं सांगितलं. जोडी तोवर देशाबाहेर गेली होती. आणखी रानपिंगळे आहेत का, हे त्याला कुणी विचारलंच नाही. ते सांगायचं काम यंत्राचं होतं.

महिन्याभराने खात्याने दहा यंत्रं घेऊन तपासणी पथक पाठवलं. वाट दाखवायला रमिलापेक्षा भरवशाचं कोण असणार? सख्ख्या भावाला बांधून आणलेली बाई. पथकातल्या तरुण पोरींनी तिच्या तुटक्या कानाकडे आदराने पाहिलं. तिने त्यांना अठरा दिवस सगळे डोंगर फिरवले, एकही धार सोडली नाही. फक्त त्या अरुंद दरीपाशी आल्यावर प्रत्येक वेळी वरच्या अंगाचीच वाट धरली आणि ऊन तापून वारा फिरायच्या आत सगळ्यांना पुढे काढलं. अहवालात शून्य आलं. सरकारने रानपिंगळा नामशेष झाल्याचं जाहीर केलं. जगात कुठेतरी एका श्रीमंत माणसाच्या भिंतीवर त्याला हवा होता तो दाखला लागला. रमिला त्या दिवशी जेवली नाही. पण त्यानंतर अक्राणीच्या डोंगरांत एकही अनोळखी माणूस बंदूक घेऊन चढला नाही.

तिला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. ती तिला खटला उभा राहिल्यावर दिलवरच्या वकीलबाईंनी सांगितली. गेल्याच वर्षी नवा कायदा झाला होता. एखाद्या जातीचा शेवटचा जीव मारण्यात ज्याचा हात असेल त्याला मरेपर्यंत कैद, सुटका नाही, सूट नाही. पण त्या जातीचा एक जरी जीव उरला असेल तर गुन्हा साध्या शिकारीचा. सरांचा खून फौजीने केला होता. त्यातल्या साथीची शिक्षा धरली तरी दिलवर दहा-बारा वर्षांत बाहेर आला असता.

"तुम्ही सोळा वर्षं त्या जंगलात आहात," वकीलबाई कॉरिडॉरमध्ये तिचा हात धरून म्हणाल्या. "एखादा कुठे दिसला असेल. आवाज आला असेल. तुम्ही नुसतं शंका आहे म्हणालात तरी मी कोर्टाकडून पुन्हा तपासणी मागेन. तुमचा भाऊ तिशीतला आहे हो."

रमिलाने दोन रात्री विचार केला. पुन्हा तपासणी म्हणजे पुन्हा यंत्रं, आणि या वेळी वाट दाखवायला ती नसणार. दरीचा पत्ता कागदावर चढणार. कोर्टातला कागद कोण वाचणार नाही?

साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून तिने शपथ घेतली. दिलवर समोर होता. वाळला होता. गुडघा नीट बसला नव्हता, म्हणून एका पायावर भार टाकून उभा होता.

"रमिलाताई," वकीलबाईंनी विचारलं, "त्या दिवसानंतर, किंवा त्या दिवशी, तुम्ही अक्राणीच्या डोंगरांत जिवंत रानपिंगळा पाहिला का?"

"नाही."

"ऐकला?"

"नाही."

"विचार करून सांगा. तुमच्या उत्तरावर तुमच्या भावाचं आयुष्य आहे."

"विचार केलाय," रमिला म्हणाली. "एकही नाही राहिला."

दिलवर तिच्याकडे बघत होता. ती बोलत असताना त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग काहीतरी कळल्यासारखं झालं, आणि शेवटी चेहरा दगडासारखा झाला. न्यायाधीश बाईंनी कागद बाजूला केले.

"आरोपी," त्या म्हणाल्या, "तू माग काढणारा माणूस आहेस असं पुराव्यात आलंय. तुझ्या माहितीप्रमाणे तिथे एखादा पक्षी उरला आहे का? असेल तर हीच वेळ आहे."

वकीलबाई त्याच्याकडे वळल्या. त्यांनी त्याला कोठडीत दहादा समजावलं असणार. रमिलाने कठड्याची लाकडी पट्टी धरली. तो सांगणार होता. सांगेन म्हणालाच होता, आणि इथे तर त्याला कुणी मारतही नव्हतं. फक्त एक दरी, एक झाड. तिला स्वतःलाही क्षणभर वाटलं, सांग. सांगून टाक आणि सूट.

दिलवरने ओठ ओले केले.

"नाही साहेब," तो म्हणाला. "शेवटचा मीच दाखवला. तो मेला."

शिक्षा वाचायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लोक उठले. दोन शिपाई दिलवरला घेऊन दाराकडे निघाले, ते रमिलासमोरून. ती पुढे झाली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. कदाचित नुसता हात लावायचा होता.

त्याने बेडी घातलेले दोन्ही हात एकदम उचलले आणि तिच्या तोंडावर हाणले. लोखंड ओठात शिरलं, पुढचा दात तुटून जिभेवर आला. ती भिंतीवर आदळली. दुसरा फटका बसायच्या आत शिपायांनी त्याला मागे ओढलं, एकाने त्याच्या पाठीत दंडुका घातला. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी तिला खुर्ची आणली. दिलवर रडत नव्हता. तो तिच्याकडे अशा नजरेने पाहत होता की रमिलाला कळलं, त्याने झाड सांगितलं नाही ते झाडासाठी, तिच्यासाठी नव्हे. तिला तो कधीही माफ करणार नव्हता.

शिपाई त्याला ढकलत, जवळजवळ फरफटत बाहेर नेऊ लागले. रमिलाने दात तळहातावर थुंकला. तोंडात रक्त भरलं होतं, शब्द नीट निघत नव्हते, तरी ती खुर्चीतून उठून दारापर्यंत गेली.

"अहो दादा," ती शिपायाला म्हणाली, "सावकाश न्या. गुडघा दुखतो त्याचा."